पंख्याच्या दोरीपासून तांबड्या ठिपक्यापर्यंत

मुंबई आणि मद्रास या दोन शहरांच्या इतिहासात ७ मे या तारखेला एकसारखीच नोंद सापडते. १९०७ साली या दिवशी मुंबईच्या रस्त्यावरून विजेची पहिली ट्रामगाडी गेली. घोड्यांच्या ट्रामला सरावलेल्या मुंबईकरांना ती मोठी अपूर्वाई वाटली. परंतु त्याच्या बरोबर बारा वर्षे आधी, १८९५ च्या ७ मे रोजी, मद्रासच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावू लागली होती. हिंदुस्थानातील ती पहिली विजेची ट्राम. लंडनमध्येसुद्धा तेव्हा बहुतेक ट्रामगाड्या घोडेच ओढीत होते. ज्या शहराला सनातनी, संथ आणि सोवळे म्हणून ओळखण्याची इतर प्रांतीयांना सवय होती, त्या शहराने या नव्या शक्तीला सर्वांच्या आधी रस्त्यावर वाट करून दिली, हा इतिहासाचा एक गमतीचा विनोदच म्हणावा लागेल.

रस्त्यावरच्या विजेची ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे. त्या मानाने वीज घरात कशी आली, घरात आल्यावर तिने कोणकोणती कामे पत्करली आणि शेवटी घरातली माणसे झोपल्यावरही जागे राहण्याची सवय तिला कशी लागली, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. मद्रासच्या, म्हणजे १९९६ पासून चेन्नई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहराच्या घरांत डोकावले, तर ही सारी कथा एका ठिकाणी पाहावयास मिळते.

वीज येण्यापूर्वी मद्रासची माणसे उकाड्याला तोंड कसे देत असत? त्याचे उत्तर त्यांच्या घरांच्या बांधणीत आहे. मैलापूर आणि तिरुवल्लिक्केणी या जुन्या वस्त्यांत देवळाभोवतीच्या रस्त्यांवर लांबट, एकमेकांना चिकटून उभी असलेली घरे होती. दारापुढे ओटा, ज्याला तमिळ भाषेत तिण्णै म्हणतात. मध्ये आकाशाला उघडा चौक. भिंती जाड आणि चुन्याच्या गिलाव्याने गुळगुळीत केलेल्या. वर लाकडी तुळयांवर विटा उभ्या बसवून केलेली ती प्रसिद्ध मद्रासी गच्ची. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो रस्त्याकडून शिरे आणि तापलेली हवा चौकातून वर निघून जाई. ही व्यवस्था दिवसाचे चोवीस तास चाले आणि तिचे बिल येत नसे. तंजावरच्या मराठी राज्याशी नाते सांगणारी पुष्कळ मराठी कुटुंबे नोकरीचाकरीनिमित्त मद्रासेत येऊन राहिली, तीही अशाच घरांतून वावरली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे त्यांपैकी सर्वांत नामांकित. १८९१ मध्ये मद्रासेतच त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी शहरात विजेची ट्राम आली.

साहेब लोकांची गोष्ट निराळी होती. त्यांच्या बंगल्यांत छताला झालरीचा मोठा पंखा टांगलेला असे, आणि त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात बसलेल्या माणसाच्या हाती, प्रसंगी पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे. आत झोपलेल्याला वारा मिळावा म्हणून बाहेर एकाने रात्रभर जागावयाचे, असा हा व्यवहार होता. शीतपेयांसाठी त्यांना बर्फ हवा असे. तो अमेरिकेतील बॉस्टन बंदरातून जहाजाने येई. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, १८३३ मध्ये कलकत्त्यास पाठविला, आणि पुढे १८४२ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर बर्फ साठविण्यासाठी एक गोल इमारत उभी केली. यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार बुडाला. १८९७ मध्ये परदेशाहून परतलेल्या स्वामी विवेकानंदांचा मुक्काम याच इमारतीत होता. आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. तात्पर्य हे की, गारवा ही वस्तू त्या काळीही होती, परंतु तिची किंमत कोणीतरी दुसरा माणूस किंवा कुठलातरी दूरचा देश मोजत होता. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण कथेच्या शेवटी ती पुन्हा समोर येणार आहे.

ट्रामसाठी निर्माण केलेल्या विजेच्या पाठोपाठ दिव्यांसाठी आणि पंख्यांसाठी वीज आली. प्रारंभी ट्रामची विजेची तार रस्त्याखालच्या नळीतून नेलेली होती. पण ईशान्य मोसमी पावसाने त्या नळीत पाणी भरू लागले, तेव्हा काही वर्षांतच ती काढून तारा डोक्यावर टांगाव्या लागल्या. वीज आणि मद्रासचा पाऊस यांचे वैर हे असे पहिल्या दिवसापासूनचे आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रास इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशन या खाजगी कंपनीने शहराला वीज पुरविण्याचे काम हाती घेतले आणि बेसिन ब्रिज येथे कोळशावर चालणारे वीजघर उभे राहिले. पहिली गिऱ्हाइके होती सरकारी कचेऱ्या, बँका, पेढ्या आणि श्रीमंतांचे बंगले. सामान्य घरांत घासलेटच्या दिव्याचेच राज्य पुष्कळ वर्षे टिकून होते. ज्याच्या घरी वीज आली, त्याच्या घरीही ती पाहुण्यासारखी राही. बैठकीत एक दिवा, माजघरात एक, आणि ऐपत असेल तर बैठकीच्या छताला एक पंखा. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करावयाचे, हा संस्कार त्या पिढीला कोणी शिकवावा लागला नाही. वीज महाग होती आणि नवी होती. देवघरातल्या समईत तेल जपून घालावे, तशी ती जपून वापरली जाई.

या पाहुण्या विजेला घरात कायमचे आसन मिळवून देणारी पहिली वस्तू म्हणजे रेडिओ. येथेही मद्रास मागे नव्हते. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये प्रयोग केला, तर १९२४ मध्ये सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने मद्रासेत रेडिओ क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याचे कार्यक्रम प्रसारित होऊ लागले. पैशाअभावी तो क्लब १९२७ मध्ये बंद पडला. पण त्याचा प्रक्षेपक मद्रासच्या महापालिकेच्या हाती आला, आणि १९३० पासून महापालिकेनेच नभोवाणी चालविली. एखाद्या नगरसंस्थेने रस्ते, नळ आणि दिवाबत्ती यांच्याबरोबर नागरिकांच्या कानांचीही काळजी वाहावी, हे उदाहरण देशात विरळा. ज्यांच्या घरी वीज नव्हती, त्यांच्यासाठी उद्यानांतून आणि समुद्रकिनाऱ्यावर ध्वनिक्षेपक लावले होते. १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले.

त्या काळचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटीत बसविलेले काचेच्या नळ्यांचे यंत्र. त्या नळ्या तापल्यावाचून बोलत नसत. बटण फिरविल्यावर अर्धा-पाऊण मिनिट वाट पाहावी लागे, आणि पेटीच्या मागल्या बाजूस हात धरला तर उष्णता लागे. पन्नासएक वॉट वीज खाणाऱ्या या यंत्राची बहुतेक शक्ती गाण्यात नव्हे, तर उष्णतेतच खर्ची पडे. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि पुढल्या वीस वर्षांत तेच गाणे, तीच बातमी बॅटरीच्या दोन-चार मसाल्यांवर ऐकू येऊ लागली. विजेच्या काटकसरीचा याहून नामी धडा इतिहासात मिळणे कठीण. येथे कोणी गाणे ऐकण्याचे सोडले नाही, कोणी आवाज कमी केला नाही, कोणास उपदेश करावा लागला नाही. काम तेच राहिले आणि वीज पन्नासांश होऊन गेली. काटकसर म्हणजे उपवास नव्हे, ही गोष्ट पहिल्यांदा सिद्ध केली ती या खिशातल्या रेडिओने.

दरम्यान वीज निर्माण करणाऱ्यांच्या जगातही उलथापालथ होत होती. नीलगिरीतील पायकारा येथे १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत जलविद्युत् निर्माण होऊ लागली. कावेरीवर मेत्तूरचे धरण १९३४ मध्ये पुरे झाले आणि तेथील वीज १९३७ मध्ये मिळू लागली. १९४७ मध्ये मद्रास सरकारने शहराची वीज कंपनी आपल्या ताब्यात घेतली. १९५३ च्या एप्रिलमध्ये तोट्यात आलेली ट्राम बंद पडली. ज्या वाहनाने वीज आणली, ते गेले आणि वीज राहिली. १९५७ च्या १ जुलैला राज्याचे विद्युत् मंडळ स्थापन झाले. पुढे नेय्वेलीच्या खाणीतील लिग्नाइट, एण्णूरचे औष्णिक केंद्र आणि १९८४ मध्ये कल्पाक्कमची अणुभट्टी अशी एकेक साधने जोडली गेली. या मंडळाने खेडोपाडी तारा नेल्या आणि विहिरीवरच्या मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली. दक्षिणेतील हे राज्य ग्रामीण विद्युतीकरणात देशात अग्रेसर गणले जाऊ लागले.

घरांत मात्र खरी गर्दी झाली ती पुढल्या काळात. १५ ऑगस्ट १९७५ रोजी मद्रासेत दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले. प्रथम एका आळीत एक संच आणि त्यापुढे सारी आळी, असा प्रकार होता. १९८२ मध्ये रंगीत चित्रे आली आणि हळूहळू घरोघरी संच झाले. २००६ नंतर राज्य सरकारने गरीब कुटुंबांना रंगीत दूरचित्रवाणी संच फुकट वाटले. २०११ पासून दुसऱ्या सरकारने मिक्सर, ओले दळण्याचे यंत्र आणि टेबलावरचा पंखा या तीन वस्तू वाटल्या. या वाटपावर देशभर टीका झाली, थट्टाही झाली. थट्टा करणाऱ्यांनी इडलीचे पीठ दगडी रगड्यावर कधी वाटले नसावे. भिजवलेले तांदूळ आणि उडीद जड वरवंटा फिरवून वाटण्यात तमिळ घरांतील बाईचा रोजचा तासभर आणि खांद्याचे सारे बळ जाई. विजेचे यंत्र तेच काम चाळीस मिनिटांत करते आणि त्यास एका युनिटाचा फार तर दहावा हिस्सा लागतो. एक युनिट म्हणजे हजार वॉटचे यंत्र एक तास चालविण्यास लागणारी वीज. त्या एका दशांश युनिटात जी सुटका झाली, तिचा हिशेब कोणत्याही बिलात मांडलेला नाही. विजेच्या उधळपट्टीवर बोलताना प्रथम ही गोष्ट मान्य केली पाहिजे. रगड्यावरून सुटलेल्या बाईला वीज वाचविण्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. प्रश्न आहे तो, काम काहीच होत नसताना जळणाऱ्या विजेचा.

या प्रश्नाचा उगमही चेन्नईत अगदी तारीखवार दाखविता येतो. केबलवरून येणारे शुल्कवाले कार्यक्रम पाहण्यासाठी प्रत्येक घरी एक पेटी बसवावी, अशी योजना केंद्र सरकारने आखली होती. चार महानगरांसाठी आखलेली ही योजना १ सप्टेंबर २००३ रोजी प्रत्यक्ष अमलात आली ती एकट्या चेन्नईत. संचाजवळ ठेवण्याची ही लहानशी पेटी पुढे देशभर पसरली. तिचा एक स्वभावविशेष असा की, दूरचित्रवाणी बंद केली तरी ती बंद होत नाही. तिच्या तोंडावर एक तांबडा ठिपका रात्रभर लुकलुकत असतो. घरातल्या माणसाला वाटते, यंत्र निजले आहे. प्रत्यक्षात ते डोळे मिटून जागेच असते. अशी पेटी दहा वॉट वीज घेते असे धरले आणि रोज पाच तास कार्यक्रम पाहिले जातात असे मानले, तर उरलेल्या एकोणीस तासांत दोन महिन्यांत अकराहून अधिक युनिटे कोणाच्याही उपयोगी न पडता जातात. दूरनियंत्रकाची वाट पाहणारा संच, इंटरनेटचे यंत्र, घड्याळ दाखविणारी भट्टी, संगणक व त्याचा छापखाना अशा प्रत्येकाचा असाच एक ठिपका. साऱ्या ठिपक्यांची बेरीज केली, तर व्हरांड्यात बसून रात्रभर पंखा ओढणाऱ्या त्या जुन्या माणसाची आठवण होते. फरक इतकाच की, त्या वेळी निदान आत कोणीतरी वारा घेत होते.

ही गोष्ट केवळ चेन्नईची नव्हे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील संशोधक अॅलन मायर यांनी घरोघरच्या या निद्रिस्त विजेची मोजदाद केली, आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेपुढे अशी सूचना मांडली की, कोणत्याही यंत्राने वाट पाहत असताना एका वॉटहून अधिक वीज घेऊ नये. अनेक देशांनी ही मर्यादा पुढे कायद्यात आणली. म्हणूनच आजचा चांगल्या प्रतीचा नवा दूरचित्रवाणी संच बंद असताना अर्धा वॉटच घेतो. दोष बहुधा त्याच्या शेजारच्या पेटीचा असतो. येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. भिंतीत तसाच राहिलेला मोबाइलचा चार्जर हा घराचा मोठा चोर आहे, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक एक मोबाइल रोज पूर्ण भरला, तरी वर्षाला सात-आठ युनिटांपलीकडे वीज लागत नाही. चार्जर काढून ठेवावा हे बरेच. पण तेवढे करून समाधान मानणे म्हणजे रांजण गळत असता थेंब टिपीत बसण्यासारखे आहे.

मग रांजण गळतो कोठे? समुद्रकाठच्या दमट शहरात याचे उत्तर एकच : वाऱ्याच्या आणि गारव्याच्या यंत्रांत. छताचा जुना पंखा पंचाहत्तर वॉट घेतो. चेन्नईत पंखा वर्षातले बहुतेक दिवस फिरतो. एका घरात तीन पंखे रोज सोळा तास चालले, तर दोन महिन्यांत २१६ युनिटे होतात. गेल्या काही वर्षांत निघालेला नव्या धर्तीच्या मोटरीचा पंखा तेवढाच वारा तीसएक वॉटमध्ये देतो. त्याचा हिशेब ८६ युनिटांवर येतो. म्हणजे बचत १३० युनिटांची. २०१६ पासून तमिळनाडू सरकार प्रत्येक घराला दोन महिन्यांत १०० युनिटे फुकट देत आले आहे. तीन पंखे बदलणारा गृहस्थ सरकारपेक्षाही मोठी देणगी स्वतःला देतो. वातानुकूलनाचे यंत्र तर पंख्याच्या वीसपट वीज ओढते. रात्री आठ तास पंख्याला साधारण अर्धा युनिट पुरतो, तेथे या यंत्राला आठ-दहा युनिटे लागू शकतात. तापमान एका अंशाने वाढविले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे गणित आहे. त्यावरूनच १ जानेवारी २०२० पासून प्रत्येक नवे यंत्र सुरू होताच २४ अंशांवर लागावे, असा नियम झाला. घरातील माणूस ते खाली आणू शकतो. पण बहुतेक माणसे असते ते तसेच राहू देतात, हे मानवी स्वभावाचे ज्ञान या नियमामागे आहे.

हा ऊर्जा कार्यक्षमता विभाग २००१ च्या ऊर्जा संधारण कायद्याने निर्माण झाला आणि २००२ पासून काम करू लागला. २००६ मध्ये त्याने यंत्रांवर ताऱ्यांची खूण लावण्याची पद्धत आणली. जितके तारे अधिक, तितकी वीज कमी. शीतकपाट, वातानुकूलन आणि नळीदिवे यांवर ही खूण २०१० पासून सक्तीची झाली. छताच्या पंख्यांवर मात्र २०२३ च्या जानेवारीपासून. सर्वांत अधिक घरांत असलेल्या यंत्राचा नंबर सर्वांत उशिरा लागावा, हे थोडे नवलाचेच. दिव्यांची क्रांती त्यामानाने वेगाने झाली. तारेच्या जुन्या दिव्यात विजेचा जेमतेम वीसावा भाग प्रकाश होई, बाकी सारी उष्णता. साठ वॉटच्या त्या दिव्याचे काम आज नऊ वॉटचा एलईडी दिवा करतो. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या सरकारी योजनेतून असे छत्तीस कोटींहून अधिक दिवे देशभर स्वस्तात गेले. ट्रान्झिस्टरने रेडिओत जे केले, तेच त्याच्या भावंडाने दिव्यात केले.

असे असता चेन्नईकरांना काटकसरीचा धडा खऱ्या अर्थाने दिला तो कोणत्याही विभागाने नव्हे, अंधाराने. २००८ पासून पुढे काही वर्षे तमिळनाडूत विजेचा तुटवडा होता. २०१२ मध्ये तो टोकाला गेला. राजधानीत पाळीपाळीने दोन तास वीज जाई. बाहेरच्या जिल्ह्यांत मात्र त्याच्या कितीतरी पट. कोइमतूर, मदुरै, तिरुनेलवेली या भागांत लहान कारखाने, छापखाने आणि परीक्षेची मुले अंधारात बसत, त्या वेळी शहरातील दुकानांच्या पाट्या उजळलेल्या होत्या. वीज ही एकाच हौदातून येते, आणि एका टोकाला उपसा वाढला की दुसऱ्या टोकाची तोटी कोरडी पडते, हे त्या वर्षी सर्वांना कळून चुकले. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा नावाचे चक्रीवादळ चेन्नईवर आदळले, तेव्हा शहराचीही पाळी आली. खांब आणि झाडे कोसळली आणि कित्येक वस्त्यांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्याआधीच्या वर्षीच्या महापुरातही हेच झाले होते. अशा वेळी माणसे कशासाठी कासावीस झाली? पाणी वर चढविणारा पंप, एक दिवा, आजाऱ्याच्या उशाशी एक पंखा, आणि दूरच्या नातलगांना खुशाली कळविण्यापुरता मोबाइल. गरजेची यादी इतकी लहान निघाली.

बिलाची भाषा मात्र ही यादी सांगत नाही. तमिळनाडूत बिल दोन महिन्यांनी येते आणि पहिली शंभर युनिटे फुकट असतात. पुढे दर पायरीपायरीने चढतो, आणि पाचशे युनिटांची हद्द ओलांडली की पायऱ्यांचा जिनाच बदलतो. म्हणून चेन्नईच्या मध्यमवर्गीय घरांत महिना अखेरीस मीटरकडे डोळे लागलेले असतात. गरिबाला फुकट वीज मिळावी यात गैर काही नाही. परंतु फुकट हा शब्द फसवा आहे. त्या विजेचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात, आणि पैशाखेरीज जे मोल द्यावे लागते ते चेन्नईच्या उत्तर टोकाला दिले जाते.

ते टोक म्हणजे एण्णूर. कोसस्थलैयार नदी जेथे समुद्राला मिळते, तेथली ही खाडी. कोळंबी, खेकडे आणि मासे यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेली कोळ्यांची गावे तिच्या काठी आहेत. साहेब लोक एके काळी हवापालटासाठी येथे येत. १९७० पासून येथे औष्णिक केंद्र चालू झाले. ते जुने झाल्यावर २०१७ मध्ये बंद केले गेले. परंतु शेजारी अत्तिपट्टू येथे १९९४ पासून आणि वल्लूर येथे २०१२ पासून त्याहून मोठी केंद्रे उभी राहिली. देशी कोळशापासून एक युनिट वीज काढावयाची, तर अर्धा ते पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो, आणि त्या कोळशाचा तिसरा हिस्सा तरी राख होऊन उरतो. म्हणजे दर युनिटामागे सुमारे पाव किलो राख. ती पाण्यात कालवून नळांवाटे तळ्यांत नेतात. नळ फुटले की राख खाडीत जाते. खाडी उथळ झाली, मासळी घटली, आणि हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. २०१७ च्या जानेवारीत गायक टी. एम. कृष्णा यांनी एण्णूरच्या या राखेत उभे राहून ‘चेन्नै पोरंबोक्कु पाडल’ हे गीत गायले. शास्त्रीय संगीताच्या सभागृहांतून ऐकू येणारे रागदारीचे सूर प्रथमच त्या काठावर उमटले आणि दक्षिण चेन्नईला उत्तर चेन्नईची ओळख झाली.

येथे ती जुनी गोष्ट पुन्हा भेटते. मैलापूरच्या घरात रात्री लुकलुकणाऱ्या पेटीने दोन महिन्यांत अकरा युनिटे घेतली, तर कोळशाच्या विजेच्या हिशेबाने पावणेतीन किलो राख कोठेतरी पडली. पंख्याची दोरी ओढणारा माणूस व्हरांड्यात बसलेला तरी असे. एकदा तरी तो दिसे. आता दोरी पंचवीस किलोमीटर लांब झाली आहे आणि तिच्या दुसऱ्या टोकाचा माणूस दिसत नाही, एवढाच बदल. तमिळनाडूत वाऱ्याच्या आणि उन्हाच्या विजेचे प्रमाण पुष्कळ वाढले आहे, हे खरे. त्यात हे राज्य देशात आघाडीवर आहे. परंतु सूर्य सायंकाळी मावळतो आणि वारा प्रामुख्याने मे ते सप्टेंबर वाहतो. घरोघरचे दिवे, संच आणि गारव्याची यंत्रे एकदम सुरू होतात ती नेमकी सूर्य मावळल्यावर. म्हणून सायंकाळी वाचविलेले युनिट हे दुपारच्या युनिटापेक्षा अधिक मोलाचे.

या कथेला एक आशेचा धागाही आहे, आणि तोही चेन्नईतच सापडतो. १८९५ ची ट्राम एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे डीसी प्रवाहावर चालत होती. पुढे दूरवर वीज नेण्यास सोयीचा म्हणून उलटसुलट वाहणारा एसी प्रवाह सर्वत्र आला. परंतु आज घरातील एलईडी दिवा, मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी आणि नवा पंखा ही सारी यंत्रे आतून पुन्हा डीसी प्रवाहावरच चालतात. छपरावरचा सौर पत्राही डीसीच देतो. प्रत्येक वेळी प्रवाह उलटवावयाचा आणि पुन्हा सरळ करावयाचा, यात वीज फुकट जाते. मद्रासच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरासाठी ४८ व्होल्टची स्वतंत्र डीसी तार कल्पून, सौर पत्रा आणि लहान बॅटरी थेट तिला जोडण्याची योजना सिद्ध केली. एक-दोन पंखे, काही दिवे आणि मोबाइल, म्हणजे वादळाच्या रात्री जी यादी उरली होती तीच, एवढ्यावर चालू शकते. ट्रामबरोबर गेलेला प्रवाह घराच्या छपरावरून परत येत आहे.

विजेचा इतिहास हा सहसा धरणांचा, वीजघरांचा आणि मोठमोठ्या आकड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मद्रासचे उदाहरण दाखविते की, त्याची दुसरी बाजू भिंतीवरच्या बटणापाशी आहे. ज्या पिढीने वीज पाहुणी म्हणून पाहिली, ती खोलीतून जाताना दिवा मालवीत असे. तिला त्यासाठी ना ताऱ्यांची खूण लागली, ना कायदा. आजच्या घरात यंत्रे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी माणसांचे कष्ट खरोखरच हलके केले आहेत. त्यांना घालवून देण्याचे कारण नाही. रात्री झोपण्यापूर्वी दाराची कडी लावताना एकवार घरभर नजर फिरविली आणि जेथे जेथे तांबडा ठिपका दिसेल तेथे भिंतीवरचे बटण खाली केले, तर आतल्या माणसांच्या झोपेत काही उणे पडणार नाही. दोरीच्या त्या टोकाला बसलेल्या माणसालाही मग घटकाभर डोळा मिटता येईल.